पीसीओएस असताना दिवस राहणं : आधी काय, मग काय

लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, पाळी कधी चाळीस दिवसांनी तर कधी थेट तीन महिन्यांनी येणारी, आणि हातातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर शेवटच्या ओळीत 'पीसीओडी' (पीसीओएसचंच रूढ नाव). अशी फाइल घेऊन बसलेली बाई महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात भेटते. तिला विचारायचं असतं एकच: मला मूल होईल ना? बहुतेक जणींसाठी या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे, आणि ते नुसतं धीर देण्यापुरतं नाही. मूल न होण्याची जी कारणं आहेत, त्यांत अंडं वेळेवर न फुटणं हे इलाजाला सगळ्यांत चांगली दाद देणाऱ्या कारणांपैकी एक. तरीही या बायकांची चार-चार, पाच-पाच वर्षं हकनाक जातात. औषधं आहेत, ती महागही नाहीत. माझ्या मते चुकतो तो क्रम. कोणाला वर्षानुवर्षं नुसत्या पाळी आणायच्या गोळ्या मिळतात, कोणाला 'आधी पंधरा किलो कमी करून या' म्हणून परत पाठवलं जातं, तर कोणाला दुसऱ्याच भेटीत टेस्ट ट्यूब बेबीचं पॅकेज ऐकवलं जातं.

क्रम समजून घ्यायचा तर आधी शरीरात काय बिनसतं ते पाहायला हवं. १९३५ मध्ये शिकागोतल्या आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. पाळी जवळजवळ बंद, अंडाशय मोठे आणि बाहेरचं आवरण जाड. दोघांनी शस्त्रक्रिया करून अंडाशयाची पाचर कापून काढली. सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस राहिले. तेव्हापासून बरीच वर्षं हा आजार त्यांच्या नावानं ओळखला जात होता.

रिपोर्टमध्ये ज्यांना सिस्ट म्हणतात आणि घरात ज्यांना 'गाठी' म्हणतात, त्या गाठी नसतात. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला अंडाशयात बऱ्याच छोट्या पुटिका वाढू लागतात, प्रत्येकीत एक अंडं असतं. त्यांतली एक पुढे जाते, वीस मिलिमीटरच्या आसपास पोचते आणि फुटते. पीसीओएसमध्ये ही निवडच होत नाही. दोन ते नऊ मिलिमीटरच्या पुटिका अर्ध्या वाटेवर थांबतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर अंडाशयाच्या कडेनं मोत्यांच्या माळेसारख्या दिसतात. कॅन्सरशी त्यांचा संबंध नाही आणि त्या काढून टाकायच्याही नसतात. त्या थांबण्यामागे दोन गोष्टी एकमेकींना बळ देतात. मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीकडून एलएच हे संप्रेरक जास्त येतं, आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्यानं रक्तात इन्सुलिनही जास्त असतं. दोन्ही मिळून अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतात. हनुवटीवरचे केस, मुरमं, रेंगाळणारी पाळी ही सगळी त्याचीच लक्षणं.

निदानाचे निकष २००३ मध्ये रॉटरडॅमच्या बैठकीत ठरले, तेच थोड्या बदलानं आज चालतात. अनियमित पाळी किंवा अंडं न फुटणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. तिन्हींपैकी दोन असतील तर पीसीओएस, अर्थात थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरेंचे बिघाड नाहीत हे तपासल्यावर. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रौढ स्त्रीत सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालेल असं म्हटलं. त्याच तत्त्वांतली दुसरी सूचना आपल्याकडे जास्त महत्त्वाची आहे: पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षं सोनोग्राफीच्या आधारे हे निदान करू नये, कारण त्या वयात निरोगी मुलीचे अंडाशयही असेच दिसतात. सोळाव्या वर्षी पोटात दुखलं म्हणून सोनोग्राफी झाली, रिपोर्टवर 'पीसीओडी' आलं आणि 'हिला पुढे मूल होणं अवघड' हे वाक्य त्या मुलीच्या मनात दहा वर्षं घर करून राहिलं, असं अनेक घरांत झालं आहे. ते थांबायला हवं.

मोजणी कुठल्या निकषांनी केली त्यावर आकडा बदलतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत, जी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, १८ ते ४० वयाच्या स्त्रियांमध्ये रॉटरडॅम निकषांनी १९.६ टक्के जणींना पीसीओएस आढळला, तर जुन्या अमेरिकी निकषांनी फक्त ७.२ टक्के. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली होती, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. तिथेही रॉटरडॅमनं २२.५ आणि दुसऱ्या कडक निकषांनी १०.७ टक्के. म्हणजे 'दर पाचवी बाई' हे वाक्य खोटं नाही, पण त्या पाचव्या बाईत अगदी सौम्य त्रास असलेल्याही आल्या.

एक गैरसमज इथेच मिटवू. 'मी तर बारीक आहे, मला कसा पीसीओएस?' हा प्रश्न मराठी मुली नेहमी विचारतात. बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातल्या चरबीवर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर काम केलं आहे. २००४ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात, अशी आपली ठेवण असते, आणि इन्सुलिनचा बिघाड पोटातल्या चरबीशी जोडलेला असतो. म्हणून वजनकाट्यावर पंचावन्न किलो भरणाऱ्या मुलीचीही साखर आणि कंबर मोजायला हवी.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर सगळ्यांत जास्त वर्षं वाया जातात. पाळी येणं आणि अंडं फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळी आणायला देतात त्या गर्भनिरोधक गोळ्यांचं एकवीस दिवसांचं पाकीट संपलं की जो रक्तस्राव होतो तो गोळ्या थांबल्यामुळे होतो. गोळ्या चालू असताना अंडं फुटलेलं नसतं, किंबहुना ते फुटू नये यासाठीच त्या गोळ्या बनल्या आहेत. मूल नको असताना त्या उत्तम. गर्भाशयाचं अस्तर वर्षानुवर्षं न गळता साचत राहणं धोक्याचं असतं, तो धोका त्या टाळतात. पण मूल हवं असलेल्या बाईला 'आधी सहा महिने पाळी रेग्युलर करू' म्हणून त्याच गोळ्या देणं म्हणजे तिचे सहा महिने काढून घेणं. अंडं फुटलं की नाही हे पाहायची साधी सोय प्रोजेस्टेरॉनच्या रक्ततपासणीत आहे. ती 'एकविसाव्या दिवशी' करतात, पण तो हिशेब अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचा. पस्तीस दिवसांची पाळी असेल तर तपासणी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमाराला हवी, नाहीतर अंडं फुटूनही रिपोर्ट 'नाही' म्हणतो. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ओव्ह्युलेशन किटवरही या बायकांनी फार विसंबू नये. ते किट एलएच ओळखतं, आणि पीसीओएसमध्ये एलएच मुळातच वर असल्यानं पट्टीवर दोन रेघा पुन्हा पुन्हा उमटू शकतात.

क्रमाची पहिली पायरी म्हणजे दोघांची तपासणी. दोघांची, हे मी मुद्दाम म्हणते. बाईच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफ्या, कधी कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होऊन जाते आणि नवऱ्याची वीर्यतपासणी झालेलीच नसते, हे आजही सर्रास घडतं. सासूबाईंना ते सुचत नाही, नवरा टाळतो आणि सुनेला बोलता येत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर, जवळपास निम्म्या वेळा सापडतं. ही तपासणी स्वस्त आहे आणि ती पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी. बाईच्या बाजूनं ग्लुकोज पिऊन केलेली साखरेची तपासणी, थायरॉइड, रक्तदाब, आणि दिवस राहण्याआधीपासून रोज फॉलिक ॲसिडची गोळी. गर्भनलिका मोकळ्या आहेत का याची तपासणी पूर्वी क्षयरोग, ओटीपोटाचा संसर्ग किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर लगेच करावी. बाकीच्यांना ती थोडी पुढे ढकलता येते.

वजनाचं काय? ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी ते पाच ते दहा टक्के जरी उतरवलं तरी पुष्कळ जणींची पाळी आपोआप मार्गाला लागते. सत्तर किलोच्या बाईला हे साडेतीन ते सात किलो. त्यासाठी एकच एक आहार श्रेष्ठ ठरलेला नाही. ज्वारीची भाकरी, भाजी, डाळ, उसळ, ताक या आपल्या ताटात बरंच काही आहे. नडतात ते दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, त्याबरोबरची खारी-बिस्किटं आणि उपवासाच्या नावानं पोटभर साबुदाणा. हे खरं असलं तरी वजन कमी झाल्याशिवाय उपचारच नाहीत, ही अट मला मान्य नाही. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये वजन जास्त असलेल्या, मूल होत नसलेल्या ५७७ स्त्रियांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्या जणींना सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम देऊन मग उपचार, अर्ध्यांना थेट उपचार. पहिल्या गटात उपचारांविना दिवस राहण्याचं प्रमाण वाढलं, हे मोलाचं. पण दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, नैसर्गिक प्रसूतीनं झालेलं निरोगी बाळ हाती येण्याचं प्रमाण दुसऱ्या गटात जास्त निघालं. सव्विशीतल्या मुलीनं सहा महिने चालणं-जेवणं सुधारून पाहावं; पस्तिशीतल्या बाईला तेवढ्यासाठी थांबवून ठेवू नये. वजन घटवायच्या नव्या इंजेक्शनांबद्दल हल्ली खूप विचारणा होते. ती चालू असताना गर्भनिरोधक वापरणं गरजेचं आहे, आणि त्यांतलं सेमाग्लुटाइड दिवस राहण्याच्या प्रयत्नाआधी निदान दोन महिने थांबवावं लागतं.

यानंतरची पायरी अंडं फुटवणाऱ्या गोळ्यांची, आणि इथे लेट्रोझोलची कथा जरा विस्तारानं सांगायला हवी. १९६०च्या दशकापासून या कामाला क्लोमिफीन हीच गोळी होती. लेट्रोझोल आलं स्तनाच्या कॅन्सरसाठी. शरीरातलं इस्ट्रोजेन ते कमी करतं. इस्ट्रोजेन थोडे दिवस खाली आलं की मेंदू एफएसएच हे पुटिका वाढवणारं संप्रेरक वाढवतो आणि थांबलेल्या पुटिकांपैकी एखादी पुढे सरकते, हे ओळखून टोरांटोतल्या मितवली आणि कॅस्पर यांनी २००१ मध्ये ते वंध्यत्वासाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. २००५ मध्ये एका परिषदेतल्या छोट्या सादरीकरणात लेट्रोझोलमुळे बाळात व्यंग येतं असा दावा झाला. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या ९११ बाळांच्या अभ्यासानं त्याला आधार नसल्याचं दाखवलं. तरी भारत सरकारनं ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला बंदी घातली. बंदी असतानाच, २०१४ मध्ये, अमेरिकेत ७५० पीसीओएसग्रस्त स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. जास्तीत जास्त पाच पाळ्यांच्या उपचारांत लेट्रोझोलच्या गटात २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफीनच्या गटात १९.१ टक्के. जुळ्यांचं प्रमाण लेट्रोझोलमध्ये ३.४ आणि क्लोमिफीनमध्ये ७.४ टक्के. व्यंगांत लक्षणीय फरक नव्हता. भारतातली बंदी उठली २०१७ मध्ये. मधल्या सहा वर्षांत इथल्या बायकांना कमी उपयोगी गोळी घ्यावी लागली, याची हळहळ वाटते. आज जगभर पीसीओएससाठी पहिली गोळी लेट्रोझोलच आहे.

ती घेण्याची रीत अशी. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, रोज अडीच मिलिग्रॅम. दाद मिळाली नाही तर पुढच्या वेळी पाच, मग साडेसात. नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी, जिला बायका 'फॉलिक्युलर' म्हणतात. लघवी करून या, असं नर्स सांगते, कारण ही तपासणी आतून होते. फाइलमध्ये एक छापील तक्ता असतो: तारीख, पाळीचा दिवस, उजवा, डावा, अस्तर. दहाव्या दिवशी उजवीकडे ११, बाराव्याला १५, चौदाव्याला १९, अस्तर साडेआठ. बाहेर बाकावर बसलेल्या बायका एकमेकींचे आकडे विचारतात. 'माझं अजून बारावरच आहे' हे वाक्य तिथे परीक्षेच्या गुणांसारखं उच्चारलं जातं. आकडा अठरा-वीसला पोचला की बऱ्याचदा एचसीजीचं इंजेक्शन देतात, त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी अंडं फुटतं. पुढच्या सोनोग्राफीत पुटिका दिसेनाशी झालेली असते आणि तक्त्यावर 'रप्चर्ड' असा शब्द येतो. नोकरी करणाऱ्या, एसटीनं तालुक्याला येणाऱ्या बाईसाठी महिन्यातून चार-पाच फेऱ्या सोप्या नाहीत. पहिल्या एक-दोन पाळ्यांत किती पुटिका वाढतात ते पाहणं आवश्यक आहे. तीन-चार वाढल्या तर त्या महिन्यात संबंध टाळायला सांगावं लागतं, जुळी-तिळी होण्याचा धोका असतो. योग्य मात्रा सापडली की मात्र दर महिन्याला चार सोनोग्राफ्यांची गरज उरत नाही. 'आज रात्री आणि उद्या' असं चिठ्ठीवर लिहून दिलेले संबंध नवरा-बायकोला फार जड जातात. त्या आठवड्यात एक-दोन दिवसाआड जवळ आलात तरी पुरतं, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगायला हवं.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी यात कुठे बसते? एके काळी तिच्याकडून फार अपेक्षा होत्या. २००७ मध्ये ६२६ स्त्रियांवरच्या चाचणीत नुसत्या मेटफॉर्मिननं बाळ झालं ७.२ टक्के जणींना, क्लोमिफीननं २२.५, दोन्ही मिळून २६.८. साखर वर असेल, वजन जास्त असेल तर ती जोडीला जरूर द्यावी. मूल हवं असलेल्या बाईला तिच्यावर एकटीवर वर्षभर ठेवू नये. इनोसिटॉलच्या पुड्या आज जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर असतात. त्यांनी अपाय फारसा होत नाही, पण मूल होण्याच्या बाबतीत त्यांचा पुरावा तोकडा आहे आणि महिन्याचा खर्च लेट्रोझोलहून कितीतरी जास्त. चीनमध्ये हजार स्त्रियांवर अ‍ॅक्युपंक्चरची मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. खऱ्या आणि खोट्या सुया टोचलेल्या गटांत बाळं जवळजवळ सारखीच झाली. काढे, चूर्णं यांच्या अशा मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. शतावरीवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती डॉक्टरांना सांगून घ्यावी, पण धातूंची भस्मं असलेली औषधं दिवस राहण्याच्या काळात नकोत. अशा काही औषधांत शिसं आणि पारा सापडलेला आहे.

गोळ्यांनी सहा महिन्यांत यश आलं नाही तर पुढे दोन वाटा. एक एफएसएचच्या इंजेक्शनांची, अगदी थोड्या मात्रेपासून आणि काटेकोर देखरेखीखाली. दुसरी दुर्बिणीतून अंडाशयाला चार-पाच बारीक छिद्रं पाडण्याची, म्हणजे ड्रिलिंगची. स्टाइन-लेव्हेंथल यांच्या पाचरीचंच हे सौम्य रूप, १९८४ मध्ये नॉर्वेत सुरू झालेलं. जी बाई वारंवार सोनोग्राफीला येऊ शकत नाही किंवा जिची दुर्बीण इतर कारणानं होणारच आहे, तिला ते उपयोगी पडतं. गोळी एकदाही न देता थेट ड्रिलिंग सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. जास्त छिद्रं पाडली की अंड्यांचा साठा कायमचा घटतो.

आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, शेवटी. नलिका बंद, वीर्यात मोठा दोष, किंवा वय वाढलेलं, अशी वेगळी कारणं असतील तर अर्थातच आधी. पीसीओएसच्या अंडाशयातून इंजेक्शनांनी एकदम वीस-तीस अंडी वाढू शकतात. पोटात पाणी साचून जिवावर बेतण्याचा धोका त्यातूनच येतो. हा धोका आता बराच आवाक्यात आला आहे. चीनमध्ये पीसीओएस असलेल्या १५०८ स्त्रियांवरच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भ लगेच न सोडता गोठवून पुढच्या महिन्यात सोडल्यावर ही गुंतागुंत ७.१ वरून १.३ टक्क्यांवर आली आणि बाळ होण्याचं प्रमाण ४२.० वरून ४९.३ वर गेलं. म्हणून केंद्र निवडताना 'माझे गर्भ गोठवणार का, आणि अंडी पक्व करायला कुठलं इंजेक्शन देणार' हे विचारावं. २०२१ च्या कायद्यानं ही केंद्रं नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे. खर्च हा मोठाच अडसर आहे. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजनं २०२३ मध्ये आयव्हीएफ मोफत सुरू केलं, मुंबईत कामा रुग्णालयात २०२४ मध्ये सरकारी केंद्र उघडलं. असं केंद्र प्रत्येक महसुली विभागात हवं, ही मागणी मला रास्त वाटते.

या सगळ्या धडपडीत बाईच्या मनाकडे लक्ष कोण देतं? हळदीकुंकवाला गेल्यावर 'काही गोड बातमी?', डोहाळजेवणात तिला ओटी भरायला पुढे न बोलावणं, दर महिन्याला पाळी आली की मोरीत दार लावून रडणं. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत नैराश्य आणि चिंता जास्त आढळते, आणि निदान होताच प्रत्येकीला त्याबद्दल विचारावं असं मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. तरी दवाखान्यात हा प्रश्न क्वचित विचारला जातो. तिला सांगण्यासारखी चांगली गोष्टही आहे: तिशीच्या पुढे यांतल्या बऱ्याच जणींची पाळी आपोआप नियमित होत जाते, आणि शेवटी होणाऱ्या मुलांची संख्या इतर बायकांपेक्षा फारशी वेगळी नसते.

दिवस राहिल्यावर काळजी वेगळ्या गोष्टींची. गर्भपात, गरोदरपणातला मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि लवकर प्रसूती यांचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त असतो. ग्लुकोजची तपासणी आधी झाली नसेल तर पहिल्याच भेटीत, आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. गरोदरपणी साखर वाढली असेल तर प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांनी एकदा, आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी तपासावी लागते. बाळंतपणाच्या गडबडीत, माहेरी-सासरी ये-जा करताना हीच तपासणी राहून जाते. आणि पहिल्या बाळाला औषधं लागली म्हणून दुसऱ्याला लागतीलच असं नाही. पाळी अनियमित असली तरी अंडं अधूनमधून फुटत असतं. लगेच दुसरं मूल नको असेल तर गर्भनिरोधकाचं बोलणं दवाखान्यातून घरी जाण्याआधीच व्हायला हवं.